तोंड कुठल्या दिशेला?

शिकागो

चि. सई हीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की आजीच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या म्हसोबाला डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय तर नाहीतच, मग आजी त्या दगडासमोर चपला काढून हात का जोडते. आजी तुझ्या शेजारीच बसलेली होती, म्हणून मी तेव्हा उत्तर टाळले.

अशा न घडवलेल्या, शेंदूर माखलेल्या दगडाला तांदळा म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे खरी. परंतु तांदळ्याने टाकीचा एकही घाव सोसलेला नसतो, तो जसा सापडला तसाच मांडलेला असतो. (म्हण रचणाऱ्याने म्हसोबाला विचारलेले दिसत नाही.)

सोलापुरात वाढूनही मला याचा अर्थ उमगला तो इथल्या मिलेनियम पार्कात, मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांच्या ‘क्लाउड गेट’पाशी. २००६ मध्ये पूर्ण झालेले हे सुमारे १० मीटर उंच आणि २० मीटर लांब शिल्प स्टेनलेस स्टीलच्या १६८ पत्र्यांचे आहे, पण सांधे इतके घासलेले आहेत की एकही जोड दिसत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते कशासारखे दिसते हेच शोधत राहिलो. पाऱ्याचा थेंब म्हणावा, तर पोटाखाली कमान. काहीच जुळेना, म्हणून थोडा चिडूनच परतलो.

पुढे आजी इथे आली, तेव्हा तू कडेवर होतीस. सगळे त्याला ‘बीन’ म्हणतात हे कळल्यावर तिने त्याचे ‘पावटा’ करून टाकले, सावकाश एक प्रदक्षिणा घातली आणि मला विचारले, “ह्याचं तोंड कुठल्या दिशेला?” मी हसलो. मात्र घरी येताना ध्यानात आले, की हे काय आहे, कोणासारखे आहे, असे तिने एकदाही विचारले नव्हते. आपण कुठे उभे राहायचे, एवढेच तिला हवे होते. नंतर एकटाच जाऊन कमानीखाली उभा राहिलो आणि वर पाहिले, तर माणसे ताणली जाऊन एकमेकांत विरघळत होती, त्यांत मी मलाच सापडेना, आणि लहानपणी अंधाऱ्या गाभाऱ्यात शिरताना पोटात व्हायचे तसे झाले.

आपल्या सोलापूरला याची सवय जुनीच आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मागे मी शहरभर चाललो आहे; आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तेव्हा तैलाभिषेक होतो, त्याला आपण कानडी शब्दाने यण्णीमज्जन म्हणतो. त्या ६८ पैकी एकालाही चेहरा नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेले मी पाहिले नाही.

एक फरक मात्र तू नीट बघ. इथे लोकांचे हात पोहोचतात तो शिल्पाचा खालचा भाग दिवसातून दोनदा पुसून काढतात, जणू कोणी शिवलेच नव्हते. म्हसोबाला कोणी पुसत नाही. शेंदरावर शेंदूर चढत जातो, त्यामुळे आतला मूळ दगड कसा आहे हे गल्लीतल्या कोणीही पाहिलेले नाही. तुझ्या पणजीने लावलेला शेंदूर आजीच्या शेंदराखाली आहे, आणि डाव्या अंगाला जो फुगवटा दिसतो, तिथे बहुधा माझाही एक हात असेल, कारण मला उंची पुरत नसे.

येत्या अमावस्येला आजी वाटीत तेल घालून शेंदूर कालवेल, तेव्हा तिच्याबरोबर जा आणि हवे तर बोटाने थोडा लाव. शेंदरात शिसे असते, तेव्हा घरी आल्यावर आधी साबणाने हात स्वच्छ धू, नखांतूनही काढ. पण हे शिशाचे आजीसमोर बोलू नकोस.

तुझा,
बाबा