दगड फोटोत सपाट का दिसतो?

प्रश्न : काळाघोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीचे आणि शेजारच्या इमारतींचे फोटो डिसेंबरात सकाळी आठला काढले. झिजलेला, खडबडीत दगड फोटोत गुळगुळीत येतो, पिवळा रंग राखाडी पडतो आणि इमारत मागे कललेली वाटते. कॅमेरा बदलू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कॅमेरा राहू द्या, वेळ बदला. या इमारतींचं तोंड साधारण पूर्वेला. आठच्या सुमारास ऊन जवळजवळ समोरून पडतं आणि खाचखळग्यांच्या सावल्याच दिसत नाहीत. आपल्याला हवं भिंतीला घासून जाणारं ऊन. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य साडेबारा ते पाऊणच्या सुमारास ऐन दक्षिणेला येतो, तोही जेमतेम 48-53 अंशांवर. त्याआधीचा अर्धा तास, ऊन भिंतीवरून उतरायच्या बेतात असताना, छिन्नीचे घाव आणि सुटलेले पापुद्रे एकेक करून उठतात. म्हणून फ्रेम आधीच ठरवून ठेवा. मे महिन्यात ऊन डोक्यावरून येतं, छज्ज्याची सावली अर्धी भिंत गिळते. हायकोर्टाची ओव्हल मैदानाकडची बाजू पश्चिमेला. तिथे हेच गणित पाऊणनंतर सुरू होतं.

मालाडच्या दगडाचा पिवळा रंग ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं आपोआप रंग जुळवणं, मारून टाकतो. व्हाइट बॅलन्स 5200 केल्विनवर पक्का करा. आयएसओ (संवेदनशीलता) 100, छिद्र एफ/8, शटर 1/250 सेकंद पुरेसं. ट्रायपॉड लागत नाही. फोन असेल तर एचडीआर बंद, कारण तो सावल्या उजळून सगळा उठाव घालवतो.

कललेपणाचं कारण वर केलेला कॅमेरा. रस्त्यापलीकडे जा, कॅमेरा सरळ धरा, खालचा रस्ता नंतर कापा.

प्रश्न : कोरीवकामावरचे काळे डाग कसे टिपावेत?

उत्तर : आधी डाग ओळखा. असं कोरीवकाम बहुधा पोरबंदरी दगडात असतं आणि तो दगड चुनखडीचा. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी त्याच्या पृष्ठभागाचं जिप्सम होतं आणि त्यात काजळी अडकते. पाऊस धुऊन नेतो तो भाग पांढुरका राहतो. छज्ज्याखाली, दगडी पानांच्या खोबणीत काळं कवच धरतं. एकाच पानाचं टोक पांढरं आणि देठ काळा, हे दृश्य जवळून घ्याच. उभे ओघळ मात्र बहुधा वाळलेल्या शेवाळाचे असतात. त्यांच्या वर फुटकी पन्हाळ असेल तर तीही फ्रेममध्ये हवी, नाहीतर डागाचं कारणच कळत नाही.

काळ्या कवचाला भुलून कॅमेरा फोटो उजळवतो आणि पांढरा भाग जळतो. उजेडाचं मोजमाप पांढऱ्यावर घ्या. पावसाळ्यात ओल्या दगडाची चकाकी पोलरायझर (लेन्सवरचा चकाकी कापणारा फिल्टर) फिरवून कमी करा.