संस्था काढू की कंपनी?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही १४ जणी मिळून नाचणीचे लाडू, शेवया, कुरडया करून विकतो. नफा वाटून घेतो, पण त्याआधी दहातला एक रुपया गावातल्या मुलींच्या वह्यापुस्तकांसाठी बाजूला काढतो. आता मोठी ऑर्डर आलीय तर ते नोंदणी मागतायत. कोणी म्हणतं संस्था काढा, ७ जण पुरतात, कोणी म्हणतं सेक्शन ८ कंपनी. काय करू?
– एक वाचक भगिनी, जि. सातारा

उत्तर: ताई, तुम्हाला नफा वाटून घ्यायचाय ना, मग दोन्ही नकोत. संस्था असो की सेक्शन ८ म्हणजे समाजकार्यासाठीची कंपनी, कामाची मजुरी देता येते पण उरलेला नफा सभासदांना वाटता येत नाही, तो संस्थेच्या कामातच घालावा लागतो.

आणि ७ जण पुरतात हे खरं असलं तरी पुढचं कोणी सांगत नाही. आपल्याकडे धर्मादाय संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात नोंदवली की १९५० चा ट्रस्ट कायदाही लागतो, कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय ऑफिसला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज. आमच्या वाचनालयात तो भरायचा राहिला, अध्यक्ष वारले तरी शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय ऑफिसच्या नोंदीत, नाव त्यांचंच, बँक नव्या सह्या घेईना, खात्यात पैसे असून दोन वर्षं पुस्तकं घेता आली नाहीत. कपाटाला कुलूप लावताना जीव तुटायचा.

तुम्हाला उत्पादक कंपनी बरी पडेल, म्हणजे माल बनवणाऱ्यांनीच मिळून काढलेली कंपनी. कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली, लोकांना वाटतं फक्त शेतकऱ्यांचीच असते पण कुटीरोद्योगवाल्यांनाही चालते. १० जणी लागतात, त्यातल्या किमान ५ डायरेक्टर, आणि शेअर कितीही असले तरी एकीला एकच मत, हे मला फार आवडतं.

पण वह्यापुस्तकांची गोष्ट इथेच अडते. उत्पादक कंपनीला समाजासाठी देणगी देता येते ती आधीच्या वर्षाच्या निव्वळ नफ्याच्या ३ टक्क्यांपर्यंतच आणि तुम्ही तर १० टक्के देताय! म्हणजे बाकीचे प्रत्येकीने आपल्या वाट्यातून द्यायचे. कमवायचंही आणि द्यायचंही अशा बायकांसाठी आपल्या कायद्यात घरच नाहीये, एक तर धर्मादाय व्हा नाहीतर धंदा करा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२ मध्ये सोशल एंटरप्राइज (समाजोपयोगी उद्योग) हा शब्द नियमांत घेतला पण तो सोशल स्टॉक एक्स्चेंजवर, म्हणजे शेअर बाजाराच्या समाजकार्यासाठीच्या विभागात, पैसा उभारणाऱ्यांसाठी, १४ जणींच्या गटाला त्याचा काय उपयोग. नोंदणीचा वेगळा प्रकारच हवा, ज्यात नफ्यातला किती हिस्सा समाजाला ते सभासदांनी आपल्या गटाच्या घटनेत लिहायचं आणि तेवढा द्यायचा, सोपं आहे हो, आणि हे मी मागत राहणार.

तोपर्यंत सीएकडे जाताना हिशोबाची वही सोबत न्या आणि दरवर्षीचं ऑडिट, रिटर्न यांची फी किती ते आधीच विचारा, ती तुमच्या लाडवांतूनच जाणारे. फूड लायसन्स वेगळं लागतं, ते आत्ता कोणाच्या नावावर आहे ते बघा, कंपनी झाली की कंपनीच्या नावाने काढावं लागेल.