पेव्हर ब्लॉक खचले, ठेकेदार म्हणतो मुदत संपली

राजारामपुरीतल्या एका व्यापारी संकुलाचे सचिव लिहितात : पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवण्याचे नऊ लाखांचे काम 31 मे 2023 रोजी पूर्ण झाले. त्याच जुलैत ब्लॉक खचले, तळी साचली. ठेकेदाराला फोन केले, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. त्याने एकदा माणसे पाठवून वाळू भरून दिली, काम परत खचले. आता तो म्हणतो, डिफेक्ट लायबिलिटीची, म्हणजे दोष निघाल्यास तो दुरुस्त करण्याच्या जबाबदारीची, दोन वर्षे मे 2025 मध्येच संपली. ग्राहक आयोगात जावे की दिवाणी न्यायालयात?

दर पावसाळ्यानंतर अशी पत्रे येतात आणि प्रत्येकात विचारलेले असते, कुठे जाऊ. आधी वर्क ऑर्डर वाचायला हवी. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत एकच वाक्य निर्णायक आहे : ‘24 महिन्यांत दोष लेखी कळवल्यास ठेकेदार स्वखर्चाने दुरुस्ती करील.’ ही मुदत दोष दिसून तो कळवण्यासाठी आहे, दावा लावण्यासाठी नाही. मुदतीत कळवलेला दोष मुदतीनंतरही ठेकेदाराच्या गळ्यात राहतो. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की तुम्ही ‘लेखी’ कळवले का.

फोनवरचे बोलणे हिशेबात धरू नका, त्याचा पुरावा उरत नाही. मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 4 नुसार, कायद्याला लेखी हवे असेल तिथे पुन्हा पाहता येणारी इलेक्ट्रॉनिक नोंद चालते. करारातल्या ‘लेखी’लाही हाच अर्थ लावावा, असा युक्तिवाद मी करीन. तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये रजिस्टर पोस्टाची अट नाही, ही जमेची बाजू. ऑगस्ट 2023 मधले ठेकेदाराचे व्हॉट्सअॅपवरचे उत्तर, ‘साहेब, पाऊस उघडला की माणसं पाठवतो’, हे तुमच्या हातातले सर्वांत मोलाचे कागदपत्र आहे. आणि तुम्ही सहज लिहिता, जुना मोबाईल मुलाला दिला! तो आजच परत घ्या. चॅट पुसू नका, फोन रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागेल. त्याचा एक भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. नुसते स्क्रीनशॉट छापून नेले तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेईल.

दावा लावण्याची मुदत वेगळी, करारभंगापासून तीन वर्षे. करारभंग कधी झाला यावर वाद होईल. काम पूर्ण झाले तेव्हाच ते निकृष्ट होते, की दुरुस्ती टाळली तेव्हा? तुमच्या सोयीचे उत्तर दुसरे असले तरी त्यावर विसंबू नका. मे 2026 च्या अखेरीस सगळे संपणार, असे धरूनच चाला.

त्यातही थेट दावा लावता येईलच असे नाही. बांधकामाचा करार आणि तीन लाखांवरची मागणी असल्याने हा वाणिज्यिक वाद ठरण्याची शक्यता मोठी आहे. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर वाणिज्यिक न्यायालये कायद्याच्या कलम 12अ खाली दावापूर्व मध्यस्थी सक्तीची आहे. ती न करता लावलेला दावा फेटाळला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट केले. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, शुल्क एक हजार रुपये. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजला जात नाही, पण अर्जाआधीचा मोजला जातो, म्हणून हा अर्ज मेअखेरीच्या बराच आधी द्या. इतक्या उशिरा पत्र लिहून तुम्ही स्वतःचीच वाट अरुंद केली आहे.

ग्राहक आयोगाचा नाद सोडा. तिथली मुदत दोन वर्षांची, शिवाय व्यापारी संकुल म्हटले की ‘व्यावसायिक हेतू’चा अडथळा उभा राहतो : धंद्यासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ नाही, असे समोरचा म्हणेल.

आणखी एक चूक सांगणे भाग आहे. ठेकेदाराची पाच टक्के अनामत तुम्ही 2024 च्या दिवाळीतच सोडली. ती दोष दुरुस्त होईपर्यंत रोखून धरायचीच रक्कम होती. तेच पैसे हातात असते तर तो तुमच्या दारात आला असता.

नवीन ठेकेदाराला उन्हाळ्यातच काम द्यायचे म्हणता. एकही ब्लॉक उचलण्याआधी जुन्या ठेकेदाराला रजिस्टर पोस्टाने तारीख देऊन संयुक्त पाहणीला बोलवा. तो येवो न येवो, स्थापत्य अभियंत्याकडून उतार, मुरूम, वाळूचा थर आणि कडेची पकड यांचा अहवाल फोटोंसह घ्या. ब्लॉकची जाडी मोजा. वर्क ऑर्डरमध्ये 80 मिलिमीटर लिहिले आहे. प्रत्यक्षात 60 चे निघाले तर फसवून लपवल्याचा मुद्दा उभा राहू शकतो, आणि मग मुदतीचेही गणित बदलू शकते. ‘ट्रक उभे केले म्हणून खचले’ असे ठेकेदार म्हणेलच. गेटवरच्या नोंदवहीत मालवाहू गाड्यांची काय नोंद आहे, तेही आधी पाहून ठेवा.

तुमची समिती नोंदणीकृत आहे का आणि वर्क ऑर्डर कुणाच्या नावे आहे, हे पत्रात नाही. त्यावर दावा कुणी लावायचा ते ठरेल. मूळ वर्क ऑर्डर, बँकेतून दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि तो जुना फोन घेऊन या आठवड्यातच वकिलाला भेटा.