घुबडमाशी, जाती-प्रजाती आणि कंसातला हागेन

प्रश्न असा आहे: पूर्व व दक्षिण आफ्रिकेतल्या झाडी असलेल्या गवताळ रानांत आढळणाऱ्या ‘ट्मेसिबासिस लॅसेराटा (हागेन, 1853)’ या आऊलफ्लाय कीटकाचं वर्णन मराठीत लिहायचं आहे. इंग्रजीत तिला ‘ब्लॉच्ड लाँग-हॉर्न्ड आऊलफ्लाय’ म्हणतात. तिला घुबडमाशी म्हटलं तर चालेल का? ‘प्रजाती’ लिहायचं की ‘जाती’? आणि हागेन कंसात का?

घुबडमाशी खुशाल म्हणा. ‘ही माशी नव्हेच, माशीला दोनच पंख असतात आणि हिला चार’ हा आक्षेप ठरलेला आहे. पण मराठीतली ‘माशी’ इतकी काटेकोर कधीच नव्हती. मधमाशीला चार पंख आहेत, गांधीलमाशीलाही आहेत. कपाशीवरची पांढरी माशी तर तुडतुड्यांच्या आणि माव्याच्या गोतावळ्यातली. घुबडही उपरं नाही. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये या कीटकांना ‘अॅस्कॅलॅफस’ हे नाव दिलं. ग्रीक पुराणात पर्सेफनीने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ल्याची चहाडी करणारा आणि त्यापायी घुबड झालेला तो अॅस्कॅलॅफस. मोठ्या डोळ्यांच्या कीटकाला ते शोभतंही.

‘घुबड-चतुर’ मात्र टाळा. लांब शरीर आणि जाळीदार पंख पाहून चतुराची आठवण होते हे खरं, पण नातं दूरचं आहे. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि त्याला कोशावस्था नसते. घुबडमाशीची अळी जमिनीवरच्या पाचोळ्यात किंवा झाडाच्या सालीवर दबा धरून बसते, पोकळ जबड्यांनी भक्ष्यातला रस शोषते, मग रेशमी कोश विणते. तिचा गण न्यूरोप्टेरा, म्हणजे शेतकऱ्यांना मित्रकीटक म्हणून माहीत असलेल्या क्रायसोपाचा. रानात ओळखायचं असेल तर मिशा बघा. चतुराच्या मिशा केसाएवढ्या आखूड असतात, घुबडमाशीच्या लांब आणि टोकाशी गाठ असलेल्या. या गाठीमुळे जाणकारही चकले आहेत. स्कोपोलीने 1763 मध्ये युरोपातल्या एका घुबडमाशीची नोंद ‘पॅपिलिओ’ म्हणजे फुलपाखरू म्हणून केली होती.

इंग्रजी नावातल्या ‘लाँग-हॉर्न्ड’चं ‘लांबशिंगी’ करू नका. वाचक डोक्यावर शिंग शोधत बसेल. शास्त्रीय मजकुरात ‘शृंगिका’, सोप्या मजकुरात ‘मिशा’ लिहा. एकाच लेखात दोन्ही मिसळू नयेत. ‘ब्लॉच्ड’साठी ‘ठिपकेदार’ लहान पडतं, कारण पंखांवर ठिपके नाहीत, ओबडधोबड कडांचे मोठे गडद डाग आहेत. ‘डागाळलेली’ म्हटलं की बदनामीचा वास येतो. मी ‘डागपंखी घुबडमाशी’ सुचवेन. लांब मिशा बहुतेक घुबडमाश्यांना असतातच, त्या नावातून गाळल्या तरी बिघडत नाही.

आता जाती-प्रजाती, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती (जीनस) म्हणजे वरचा गट आणि जाती (स्पीशीज) म्हणजे त्यातला एक प्रकार. वर्तमानपत्रांत नेमकं उलटं चालतं, वाघाचीसुद्धा ‘प्रजाती’ होते. त्यामुळे ‘नवी प्रजाती सापडली’ या वाक्यावरून एक नवा प्रकार मिळाला की अख्खा नवा गट, हे कळत नाही. तुमच्या लेखात ‘ट्मेसिबासिस ही प्रजाती, लॅसेराटा ही तिच्यातली जाती’ असं पहिल्याच वाक्यात बांधून टाका आणि शेवटपर्यंत पाळा.

कंस शोभेचा नाही. हागेनने 1853 मध्ये या जातीचं वर्णन केलं तेव्हा तिला अॅस्कॅलॅफस प्रजातीत ठेवलं होतं. मॅकलाक्लनने 1871 मध्ये ट्मेसिबासिस ही वेगळी प्रजाती केली. जाती मूळ प्रजातीतून हलली की पहिल्या वर्णनकर्त्याचं नाव आणि साल कंसात जातं, एवढाच नियम. म्हणून कंस गाळला तर चुकीचा इतिहास सांगितला जातो. प्रजातीच्या नावापुढे मात्र कंस येत नाही: ‘ट्मेसिबासिस मॅकलाक्लन, 1871’.

या स्थलांतरात जातीच्या नावाची शेपटी बदलली, तीही पाहा. अॅस्कॅलॅफस पुल्लिंगी, म्हणून तिथे ‘लॅसेराटस’. ‘बासिस’ ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून इथे ‘लॅसेराटा’. फाटका सदरा, फाटकी चादर. अर्थही तोच आहे: लॅटिन ‘लॅसेराटा’ म्हणजे फाटलेली, चिंधड्या झालेली. भारतात आढळणाऱ्या ‘ग्लिप्टोबासिस डेंटिफेरा’ या घुबडमाशीच्या नावातही याच कारणाने शेवटी ‘आ’ आहे. ‘ट्मेसिस’ म्हणजे कापणं आणि ‘बासिस’ म्हणजे मूळ, बूड. शब्दारंभी ‘ट्म’ आपल्याला अवघड जातो, पण ‘मेसिबासिस’ किंवा ‘टेमेसिबासिस’ लिहू नका. पुढे कोणी मूळ नाव शोधायला गेलं तर सापडणार नाही. संक्षेप ‘ट्मे. लॅसेराटा’ असा करा. ‘टी.’ हे इंग्रजी अक्षराचं नाव झालं.

देवनागरीत आणखी एक खड्डा आहे. लॅटिनमध्ये उपकुल आणि त्याखालचा वंशगट यांचे प्रत्यय वेगळे दिसतात, आपल्याकडे दोन्हींचं ‘-इनी’ होतं. उपाय असा: कुलासाठी ‘-इडी’, उपकुलासाठी ‘-इने’, वंशगटासाठी ‘-इनी’. म्हणजे कुल अॅस्कॅलॅफिडी, उपकुल हॅप्लोग्लेनिइने, वंशगट ट्मेसिबासिनी. हा वंशगट बो टेडर या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने 1992 मध्ये आफ्रिकी घुबडमाश्यांच्या आढाव्यात मांडला. कुलाबाबत मात्र सावध राहा. 2019 मध्ये मशादो आणि सहकाऱ्यांनी घुबडमाश्यांना अँटलायन म्हणजे मुंगीसिंहाच्या मिर्मेलिऑन्टिडी कुलात, उपकुल म्हणून आत घेतलं. सगळ्यांनी ते स्वीकारलेलं नाही. टेडरची वेगळ्या कुलाची मांडणी पाळताय की मशादोंची, हे लिहा. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं केलंत तर उपकुलात उपकुल बसतं.

हॅप्लोग्लेनिइने ओळखण्याची खूण डोळ्यांत आहे. अॅस्कॅलॅफिने उपकुलात प्रत्येक संयुक्त नेत्रावर आडवी खाच असते, त्यामुळे डोळ्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग दिसतात. ट्मेसिबासिसचा डोळा अखंड असतो. ‘डोळे विभक्त नाहीत’ असं लिहू नका, दोन डोळे एकमेकांना चिकटलेत असा अर्थ निघेल. ‘प्रत्येक डोळा अखंड, खाचेविना’ असं लिहा. मिशांसाठी ‘गदाकार’ हा फुलपाखरांच्या वर्णनात रुळलेला शब्द इथेही चालतो.

वर्णनाची सुरुवात अशी करता येईल: ‘संयुक्त नेत्र मोठे, प्रत्येक अखंड, खाचेविना. शृंगिका लांब, टोकाशी गदाकार. पंख चार, मुळाशी अरुंद, शिरांचं जाळं दाट. पंखांवर अनियमित कडांचे गडद तपकिरी डाग.’ यापुढे लांबी-रुंदीचे आकडे द्याल तेव्हा ते एका पंखाचे आहेत की पसरलेल्या पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतचे, हे प्रत्येक वेळी लिहा. नुसत्या ‘पंखांची लांबी’ने दुपटीचा घोळ होतो.