भाव उतरलाय म्हणून लेकीला सौद्यात उभी करू नका

प्रश्न : मी तासगावचा बेदाण्याचा अडत व्यापारी आहे. थोरली मुलगी सांगलीला बी.एस्सी. झूलॉजी झाली. त्याला पुढं स्कोप नाही म्हणून २२ लाखांचं कर्ज काढून तिला कॅनडात, ऑन्टारिओमधल्या नॉर्थ बे गावी सप्लाय चेनच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला घातलं. आता दुसरं वर्ष चालू आहे. त्याच गावात रानातल्या जनावरांच्या फरच्या कातड्यांचा लिलाव होतो. ट्रॅपर, म्हणजे रानात फासे लावून जनावरं धरणारे लोक, माल पाठवतात, लांबलांबचे खरेदीदार येतात. सध्या भाव पडलेले आहेत असं मुलीकडूनच कळलं. माझ्या मते हीच खरेदीची वेळ आहे. पाच-सात लाखांचा माल धरून कोल्ड स्टोरेजला लावावा, दोन वर्षांनी भाव आला की काढावा. थोडा इकडं आणून कानपूर, कोल्हापूरला दाखवावा. मुलगी तिथं आहेच, सप्लाय चेन शिकतेय, तिच्या करिअरलाही धरून आहे. तिला रस नाही. तिचं खूळ वेगळंच. कुठं मेलेल्या जनावरांचे दात तपासायचं काम बघून आली, तेच शिकायचं म्हणते. या बाजाराला पुढच्या पाच-दहा वर्षांत भवितव्य काय? आणि मुलीला कसं समजवावं?

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. ‘तिला रस नाही’ हे तीन शब्दांचं वाक्य तुम्ही लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात ‘खूळ’ म्हणून तिचा निकाल लावून टाकलात. माझं लक्ष तिथंच अडकलं. बाजाराचं सांगते, पण नंतर.

आधी एक विचारते. भाव पडलेत हे तिनं तुम्हाला का सांगितलं असेल? बापाशी फोनवर बोलायला विषय लागतो. जेवलीस का, थंडी किती, फी भरली का, एवढं झालं की पुढं काय बोलायचं हा परदेशातल्या प्रत्येक लेकराचा प्रश्न असतो. तिच्या गावात सौदा निघतो, तुमच्या गावात सौदा निघतो. बाबांना हे सांगितलं तर बाबा मन लावून ऐकतील, असं तिला वाटलं असणार. तिनं गंमत म्हणून सांगितलं आणि तुम्ही हिशेबाची वही काढलीत. आता दर रविवारच्या फोनला ‘लिलावाचं बघितलंस का?’ हा प्रश्न असेल, आणि काही दिवसांनी ती फोन उचलताना दोन रिंगा जास्त जाऊ देईल. अशा घरांतली मुलं माझ्यासमोर बसून हेच सांगतात, म्हणून लिहिते आहे.

शिवाय कर्ज तुमच्या सातबाऱ्यावर असलं तरी त्याचं ओझं तिच्याही मानेवर आहे. २२ लाखांच्या मुलीला ‘नाही’ म्हणणं जड जातं. तरी तिनं तुम्हाला तोंडावर ‘नाही’ म्हटलं, हे मला या पत्रातलं सगळ्यात धीराचं काम वाटलं.

आता बाजार. तुमचा सगळा बेत एका समजुतीवर उभा आहे, की उतरलेला भाव कधी ना कधी चढतो आणि तोवर माल धरून ठेवायची ताकद ज्याच्याकडं असते तो जिंकतो. बेदाण्यात हे चालतं. का चालतं, ते बघा. बेदाणा खाणारा माणूस दरवर्षी असतोच. यंदा भाव नसला तरी दिवाळीला, लग्नसराईला, रमजानला पेटी फुटतेच. तुम्ही शीतगृहाचं भाडं भरता ते त्या माणसाच्या भरवशावर. फरमध्ये हा माणूसच जागा सोडून जातो. कातडं तुमच्याकडं असतं, जनावर रानात असतं, पण अंगावर घालणारा उठून गेलेला असतो. आणि माल तरी कुठं तसाच राहतो? वाळवलेल्या कच्च्या कातड्यात उरलेली चरबी हवेनं खराब होते, कातडं आतून जळल्यासारखं ठिसूळ होतं, लव पिवळट पडते. मुठीत घेऊन वास बघून, पुन्हा धुऊन, गंधकाची धुरी देऊन वर आणता येईल असा हा जिन्नस नाही.

या धंद्याचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो. कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीला १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली ती बीव्हर या नदीकाठच्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या कातड्यांसाठी. बीव्हरच्या आतल्या मऊ लोकरीपासून टोप्यांचा नमदा व्हायचा. त्या मुलखात नाण्याऐवजी बीव्हरच्या कातड्यातच भाव सांगायचे. एक बंदूक इतक्या कातड्यांना, एक घोंगडी तितक्यांना. मग एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या साहेबांच्या डोक्यावर रेशमी टोपी आली. बीव्हर तोच, नदी तीच, फासे लावणारेही तेच, आणि भाव मात्र बसला. त्याच कंपनीनं १९८७ मध्ये फरच्या लिलावाचा धंदा विकून टाकला आणि २०२५ मध्ये तिची दुकानंही बंद झाली.

जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं सांगते. कायोटी हा लांडग्याच्या जातीतला लहान प्राणी. २०१० नंतरच्या दशकात महागड्या पार्का, म्हणजे कडाक्याच्या थंडीतल्या, जॅकेटच्या टोपीला त्याच्या फरची झालर लावायची फॅशन आली. पश्चिमेकडच्या चांगल्या कायोटीच्या कातड्याला शंभर डॉलरच्या आसपास भाव जाऊ लागला. बाकी सगळं पडलेलं असताना ट्रॅपर लोक या एका जनावरावर तगले. जून २०२१ मध्ये त्या जॅकेटांसाठी नावाजलेल्या कॅनडा गूस कंपनीनं जाहीर केलं की वर्षअखेरीपासून फरची खरेदी बंद आणि २०२२ संपेपर्यंत वापरही बंद. एका गिऱ्हाइकानं हात काढला आणि कायोटीचा भाव खाली आला. तुमच्या बाजार समितीत एखादा मोठा खरेदीदार एक सौदा चुकवतो तेव्हा काय होतं ते तुम्ही जाणताच. इथं तो कायमचा गेला. गुची कंपनीनं २०१७ मध्येच फर सोडल्याचं जाहीर केलं होतं, आणि कॅलिफोर्नियात तर २०२३ पासून नवी फर विकायला कायद्यानं बंदी आहे.

तरी तुम्ही म्हणाल, माल कमी आला की भाव चढेल. तेही होऊन गेलं. रानातल्या फरचा भाव बराचसा ठरतो मिंकच्या भावावर. मिंक हा फरसाठी फार्मवर पाळतात तो मुंगसासारखा लहान प्राणी. मस्करॅट या घुशीसारख्या पाणथळ प्राण्याचं स्वस्त कातडं मिंकला पर्याय म्हणून खपतं. २०१३ मध्ये मिंक कडाडलं तेव्हा मस्करॅटही दहा डॉलरच्या वर गेलं होतं. मग मिंकची पैदास अफाट झाली, २०१४ मध्ये रशियाचा रूबल कोसळला, चीनची मागणी आटली आणि सगळंच गडगडलं. नोव्हेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं डेन्मार्कनं देशातली मिंक जनावरं मारून टाकायचा हुकूम काढला. कोटी-दीड कोटीच्या वर जनावरं गेली. जगातला सगळ्यात मोठा पुरवठादार एका हिवाळ्यात बाजारातून उठला! रानातल्या फरला याहून मोठी संधी कुठून येणार होती? थोडी हालचाल झाली, पण जुने दिवस काही परतले नाहीत.

मधल्यामध्ये अडतीचं काय झालं, हेही ऐका, कारण तुम्ही अडत्ये आहात. हडसन्स बेच्या लिलावाचा वारसा सांगणारी टोरांटोची नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स ही संस्था ऑक्टोबर २०१९ मध्ये देणी भागेनात म्हणून कोर्टाचं संरक्षण मागायला गेली. माल देऊन बसलेल्या ट्रॅपरांचे पैसे अडकले. पट्टी बुडणं म्हणजे काय, हे तासगावकरांना मी सांगायला नको. आता उत्तर अमेरिकेतल्या रानातल्या फरचा मोठा लिलाव उरलाय तो तुमच्या मुलीच्या गावातला, फर हार्वेस्टर्सचा. तो ट्रॅपरांच्या, त्यात तिथल्या आदिवासी ट्रॅपरांच्या, मालकीचा आहे. अजून बीव्हरच्या लोकरीला काउबॉय टोप्यांसाठी गिऱ्हाईक आहे, त्याच्या गंधग्रंथीही वेगळ्या विकल्या जातात, मार्टेन या मिंकच्याच कुळातल्या प्राण्याला मागणी असते. रॅकूनचे ढीग मात्र विकले न जाता परत गोदामात जातात. म्हणजे बाजार चालू आहे, पण तो हिवाळ्यात नाहीतरी रानात राहणाऱ्या, पेट्रोलचा खर्च निघाला तरी समाधानी असणाऱ्या माणसांचा. पाच-दहा वर्षांत तो आणखी लहान होईल असं माझं मत आहे. तासगावातून फोनवर पैसे लावणाऱ्याची जागा त्यात मला दिसत नाही.

इकडं माल आणायचं तर डोक्यातूनच काढा. मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर भारतानं जानेवारी २०१७ मध्ये बंदी घातली. लिंक्स हे रानमांजर, ऑटर म्हणजे पाणमांजर, अशा जनावरांच्या कातड्यांना आंतरराष्ट्रीय करारान्वये परवाने लागतात. उरलेली कातडी आणलीत तरी घेणार कोण? कानपूर, कोल्हापूरचं कसब म्हैस, शेळी, बैलाच्या कातड्याचं. तिथं पहिलं काम म्हणजे चुन्याच्या कुंडात टाकून केस काढणं. फरमध्ये विकायचा असतो तो केसच!

राहिली ‘मुलगी तिथं आहेच’ ही गोष्ट. ती विद्यार्थी परवान्यावर आहे. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम, एवढीच मुभा. तिच्या नावावर धंदा मांडून तुम्ही पाच-सात लाखांच्या कातड्यांपायी तिचा परवाना टांगणीला लावाल. आणि कातड्याची प्रत लावणं हे लव, दाटपणा, कुठल्या आठवड्यात जनावर पकडलं, कुठं फाटलं, हे वर्षानुवर्षं हाताखाली घेतल्यावर येतं. तुम्ही बेदाण्याचा रंग दुरून ओळखता ते पुस्तक वाचून शिकलात का?

आता ते खूळ. कॅनडात आणि अमेरिकेत वन्यजीव खाती ट्रॅपरांकडून मार्टेन, फिशर, लिंक्स अशा जनावरांचे जबडे किंवा धडं मागवून घेतात. दाताच्या मुळाचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वळी दिसतात. त्यावरून वय कळतं. पोरं किती, म्हातारी किती, माद्या किती यावरून त्या रानात पुढच्या वर्षी किती जनावरं धरू द्यायची ते ठरवायला आधार मिळतो. तुम्ही ज्या बाजाराचं भवितव्य मला विचारताय, ते ठरवणाऱ्यांच्या टेबलापाशी तुमची मुलगी स्वतःहून जाऊन उभी राहिली आहे.

आणि याची सुरुवात वहीतूनच झाली, हे तुम्हाला आवडेल. हडसन्स बे कंपनीच्या हिशेबात दरवर्षी लिंक्सची किती कातडी आली याची नोंद असे. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी त्या नोंदी चाळल्या. दर दहा वर्षांच्या आसपास लिंक्स वाढतात आणि कोसळतात, त्यांचं खाणं असलेल्या सशांच्या मागोमाग. १९४२ मध्ये एल्टन आणि मेरी निकोल्सन यांनी ते छापलं आणि जगभरच्या झूलॉजीच्या पोरांना ते आजही शिकवतात. तुमच्या मुलीनंही सांगलीला शिकलं असेल. ज्याला तुम्ही ‘स्कोप नाही’ म्हणून बाजूला सारलंत, तेच तिला नॉर्थ बेमध्ये समोर दिसलं. तिला ओळख पटली, यात खूळ कसलं?

गुलाबी चित्र मात्र काढत नाही. या कामात सुरुवातीला नोकऱ्या हंगामी असतात, पगार बेताचा, आणि कायम रहिवासी नसलेल्याला सरकारी जागा मिळणं अवघड. कॅनडात फिश अँड वाइल्डलाइफ टेक्निशियनचे डिप्लोमा आहेत, लिंडसेच्या फ्लेमिंग कॉलेजात आहे तसा. पण पुन्हा फी, आणि तुमची आणखी कर्ज काढायची ऐपत मला पत्रात दिसत नाही. म्हणून चालू डिप्लोमा तिनं पूर्ण करावा. परत यायचं ठरलं तर डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेचा वन्यजीवांवरचा एम.एस्सी. अभ्यासक्रम, नाहीतर यूपीएससीची वनसेवा. झूलॉजी तिन्हीकडं चालतं, माहिती तिला आपली आपण मिळेल.

तिनं सध्या एवढंच करावं. जिथं ते दात बघितले तिथल्या माणसाला, सुट्टीत हाताखाली काम आहे का, असं साध्या ईमेलनं विचारावं. पगारी असेल आणि सत्र चालू असताना करायचं असेल तर २४ तासांत बसवावं. आणि स्टडी परमिटचा अर्ज कोणत्या तारखेला केला होता ते काढून ठेवावं. १ नोव्हेंबर २०२४ किंवा त्यानंतर अर्ज केलेल्या कॉलेज-डिप्लोमावाल्यांना शिक्षणानंतरच्या वर्क परमिटसाठी विषय सरकारच्या यादीत असावा लागतो, आणि ती यादी बदलत राहते. सप्लाय चेन त्यात बसतं का, हे एजंटला विचारू नका, कॉलेजच्या इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. तुमच्या घरातला आजचा खरा तातडीचा प्रश्न हा आहे, आणि तो तुमच्या पत्रात कुठंच नाही.

समजवायचं कसं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. या रविवारी फोन केलात की लिलावाचं नाव काढू नका. दाताचा काप घेतल्यावर काय दिसतं, ते विचारा, आणि ती सांगेल तेवढा वेळ ऐका. परमिटची तारीख मला कळवा. कातड्यांसाठी बाजूला काढलेले पाच-सात लाख सोमवारी बँकेत जाऊन शैक्षणिक कर्जाच्या खात्यात भरा.