फळीवरची डाळ कोणी न्यायची?

सोलापूरच्या पूर्व भागात आमची धान्यपेढी जून 2020 पासून चालू आहे. मागच्या अंकात तिच्याबद्दल चार ओळी लिहिल्या, तेव्हापासून पत्रं येताहेत. मी शाळेत शिक्षिका होते आणि बरीच वर्षं पोषण आहाराचं रजिस्टर माझ्याकडे होतं, त्यामुळे धान्याचा हिशोब हातात बसलेला आहे. जमतील तेवढी उत्तरं देते.

बाई, आमच्या सोसायटीतल्या चाळीस घरांनी दर महिन्याला दोन-दोन किलो गहू-तांदूळ काढून शेजारच्या वस्तीत पेढी सुरू करायचं ठरवलंय. काही जण म्हणतात, आधी सर्व्हे करू, उत्पन्नाचे दाखले घेऊ, नाहीतर ज्यांच्याकडे आहे तेच नेतील. खरा गरजू ओळखायचा कसा? (एक वाचक, बार्शी)

दादा, दाखला मागू नका. दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात, त्यात मजुरी बुडते. जिच्या घरी आज डाळ नाही, तिला आधी कागद आणायला पिटाळायचं का?

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची, मी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बाभळीखाली बसायचे. दुपारी सुकडी वाटायचे. वाटणारा माणूस वाईट नव्हता. पण नाव काय, गाव कुठलं, घरात खाणारी तोंडं किती, हे तो प्रत्येकीला मोठ्यानं विचारायचा आणि सगळ्या रांगेला ऐकू जायचं. आपली पाळी आली की आई पदर पार नाकापर्यंत ओढून घ्यायची. सुकडीची गोड चव मला आठवते, तो ओढलेला पदरही आठवतो. पेढी सुरू करताना मी एकच ठरवलं होतं, आमच्याकडे कोणाला पदर ओढून यावं लागणार नाही.

म्हणून आमच्याकडे रांग नाही आणि वाटपही नाही. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत लोखंडी रॅक आहेत. बायका आपली पिशवी घेऊन येतात, फळीवरून हवं ते स्वतः उचलतात, वहीत घराचा नंबर आणि नेलेल्या वस्तू लिहितात, जातात. डाळ आणि तेलाच्या फळीवर ‘घरटी एक’ अशी पाटी आहे. बाकी कशाला पाटी नाही. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ खोली उघडी असते. सुरुवातीला आम्ही सकाळी दहाची वेळ ठेवली होती आणि कोणी येत नाही म्हणून खट्टू झालो होतो. सकाळी बायका वळलेल्या विड्या जमा करायला कारखान्यात गेलेल्या असतात, हे आम्हाला कोणी सांगायला हवं होतं.

स्वतः उचलू देण्याचं दुसरंही कारण आहे. पहिले दोन महिने आम्ही सरसकट पाच किलो गव्हाच्या पिठाच्या पिशव्या दिल्या. पंधरा दिवसांत त्यातल्या काही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दिसल्या. आमच्यातली मंडळी चिडली. मी चार घरी जाऊन चुलीपाशी बसले. तेलुगू घरात भात आणि चिंचेचं सार, कलबुर्गीकडून आलेल्यांच्या घरात ज्वारीची भाकरी. रोजच्या चपात्यांना तेल लागतं, वेळ लागतो, आणि हजार विड्या वळल्यावर मजुरी मिळते तिथे वेळ म्हणजे पैसा. त्यांनी पीठ विकून तांदूळ आणि ज्वारी आणली होती. चूक त्यांची नव्हती, आम्ही विचारलंच नव्हतं.

आता ‘ज्यांच्याकडे आहे तेच नेतील’ याबद्दल. माझी एक जुनी विद्यार्थिनी दर शनिवारी शेंगदाण्याच्या तीन-तीन पुड्या न्यायची. दोन महिने झाल्यावर कुजबुज सुरू झाली, ही विकते. मी घरी गेले तर खरंच विकत होती. उखळात दाणे, लसूण, तिखट, मीठ घालून मुसळानं कुटत बसली होती. कुटता कुटता दाण्याला तेल सुटत होतं आणि चटणी उखळाच्या कडेला लाल-चकचकीत चिकटत होती. दहा रुपयांच्या पुड्या बांधून ती दोन शाळांच्या फाटकावर विकायची, त्यातून विजेचं बिल भरायची. मला त्यात गैर काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आम्ही तिला शेंगदाण्याचं अख्खं पोतं घेऊन दिलं, पैसे तिनं हप्त्यानं फेडले. पेढीवर चटणीची बरणी आता तिच्याकडूनच येते.

नको असताना नेणारे येतात, नाही असं नाही. आमच्याकडे बासष्ट घरं आहेत, त्यातली अशी दोन-तीन असतील. त्यांना पकडायला मी उरलेल्या साठ जणींना कागद मागणार नाही.

आणि दादा, चाळीस घरांतून गहू-तांदूळ गोळा करू नका. तूरडाळ, गोडेतेल, शेंगदाणे, गूळ, तिखट, मीठ, चहापत्ती, अंगाचा साबण, पॅड हे मागा. का, ते पुढच्या उत्तरात आहे. पैसे घ्यायचे असतील तर आधी धर्मादाय कार्यालयात विचारून रीतसर नोंदणी करा. तोवर वस्तूच घ्या आणि आलेली प्रत्येक पिशवी वहीत लिहा.

सरकार रेशन फुकट देतंय. मग तुमच्या पेढीची गरजच काय? (एक वाचक, पंढरपूर)

रेशन हा हक्क आहे आणि तो आमच्या पेढीपेक्षा कितीतरी मोठा आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण 35 किलो धान्य ठरवून दिलं. जानेवारी 2023 पासून ते मोफत झालं आणि 1 जानेवारी 2024 पासून आणखी पाच वर्षांसाठी ही मुदत वाढवली. म्हणजे चौघांच्या प्राधान्य घराला वीस किलो. पण त्या वीस किलोत डाळ नाही, तेल नाही. गहू-तांदळाचा डबा भरलेला आणि फोडणीला तेल नाही, अशी किती घरं दाखवू तुम्हाला? पेढी तिथे लागते.

दुसरी अडचण हक्काच्या आड येते. ती अंगठ्याची. विडीवालीचा अंगठा जवळून बघा. भिजवलेलं तेंदूपान दिवसभर कातरायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक दुमडायचं. पंधरा-वीस वर्षं हे केलं की बोटांच्या टोकांवरच्या रेषा गुळगुळीत होतात. रेशन दुकानातलं मशीन त्या अंगठ्याला ओळखत नाही. आमच्याकडची एक बाई अंगठा जुळत नाही म्हणून तीन महिने एका दुकानातून रिकामी परत येत होती आणि तो आपलाच दोष समजत होती. मी सोबत गेले. डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवणारी मशीन आता आली आहेत, ते लावायला सांगितलं, आणि त्याच दिवशी धान्य मिळालं.

म्हणून शनिवारी रॅकच्या शेजारी आम्ही एक टेबल मांडतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून इथे चढवायचं, बाळाचं नाव घालायचं, ई-केवायसी राहिलेली असेल ती करायची. कार्ड केशरी आहे पण वर्षाचं उत्पन्न शहरात 59,000 रुपयांच्या आत, खेड्यात 44,000 च्या आत आहे, अशांचे प्राधान्यासाठी अर्ज लिहून द्यायचे. कर्नाटकातून आलेल्यांना तर आपल्या गावच्या कार्डावर सोलापुरातही धान्य उचलता येतं हेच ठाऊक नसतं. धान्य नाकारलं तर 1967 या क्रमांकावर तक्रार करायची, आणि दुकानदारासमोर उभं राहूनच फोन लावायचा. या टेबलामुळे काही घरांना पेढीवर यायची गरज उरली नाही. त्याचा मला फार आनंद आहे.

आम्ही जमवलेल्या ज्वारीला दोन महिन्यांत कीड लागली. काय करावं? (एक वाचक, अकलूज)

ताई, ज्वारी ओलसर भरली असणार. दाणा दाताखाली धरून फोडा. कट्‌ असा आवाज आला तर वाळलेला, नुसताच दबला तर आणखी दोन उन्हं द्या. ऊन दिल्यावर गरम गरम डब्यात भरू नका, पूर्ण निवू द्या. पोती जमिनीवर ठेवायची नाहीत, खाली लाकडी फळ्या घाला आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. नवं आलेलं मागे, जुनं पुढे. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत वाळवून, ओला घातलात तर त्यानंच बुरशी येईल. पाऱ्याच्या गोळ्या, बोरिक पावडर यातलं काही दुसऱ्याच्या ताटात जाणाऱ्या धान्यात घालू नका. पोत्यात ठेवायच्या विषारी वायूच्या गोळ्या तर बंद खोलीत माणसाचा जीव घेतात.

सोंडे झालेली ज्वारी चाळून, ऊन देऊन वापरता येते. शेंगदाण्याचं तसं नाही. काळपट, सुरकुतलेला, कडू, बुरशी लागलेला दाणा भाजून किंवा कुटून सुधारत नाही, त्यातलं विष भाजल्यानंही पूर्ण जात नाही. सरळ टाकून द्या. गरिबाला चालेल, असं म्हणू नका.

पीठ दळून ठेवूच नका. ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं, बाजरीचं त्याहून लवकर. आपल्याकडची कडक भाकरी मात्र नीट वाळलेली असेल आणि डबा कोरडा असेल तर महिनाभर सहज राहते. एकटे राहणारे म्हातारे ती आवडीनं नेतात, आमटीत कुस्करून खातात.

लग्नातलं उरलेलं जेवण पेढीवर ठेवलं तर चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

नाही. शिजवलेलं अन्न हे वेगळं काम आहे. उन्हाळ्यात मांडवातला भात दोन-तीन तासांत आंबायला लागतो आणि वस्तीत पोचेपर्यंत रात्रीचे बारा वाजतात. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे नियम आहेत, वाटणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. अशी संस्था लग्नाच्या आधीच गाठून ठेवा. पंगती उठायच्या आत, पातेल्यातलं न उष्टावलेलं अन्न गरम असतानाच त्यांच्या हवाली करा. आचाऱ्याला शिल्लक राहिलेला कोरडा शिधा विचारा. न उघडलेलं तेलाचं पाकीट, डाळ, साखर असं बरंच उरतं. ते मात्र आमच्याकडे जरूर आणा.

मुलाचा पाचवा वाढदिवस आहे. त्याच्या हातून धान्य वाटून फोटो काढायची इच्छा आहे. (एक आई, सोलापूर)

ताई, घेणाऱ्याचा फोटो आमच्याकडे काढू देत नाही. त्या वस्तीतली मुलं तुमच्या मुलाच्याच शाळेत, कदाचित त्याच्याच बाकावर असतात. पण त्याला घेऊन सोमवारी संध्याकाळी पाचला या. मंगळवारसाठी आम्ही तेव्हा फळ्या भरतो. किलो-किलोच्या डाळीच्या पुड्या बांधायच्या असतात, पाच वर्षांच्या मुलाला काट्यावर ओंजळीनं डाळ घालायला फार आवडतं. फोटो काट्याचा काढा, डाळीत कोपरापर्यंत बुडालेल्या त्याच्या हातांचा काढा. आमच्याकडचे रबरबँड संपत आलेत, तेवढे एक पाकीट घेऊन या.