काफाऊनंतर कॉलेज आहे का?

प्रश्न: आम्ही पाच वर्षांपूर्वी पुण्याहून स्वित्झर्लंडला, विंटरथूरला आलो. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. जर्मन कच्चं राहिलं आणि जिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, प्रवेश परीक्षा जमली नाही. आता ती एका विमा कंपनीत काफाऊची, म्हणजे ऑफिस प्रशासनाची शिकाऊ उमेदवारी करते आहे. दुसरं वर्ष चालू आहे, मार्क चांगले आहेत. सोबत बीएम, म्हणजे पदवीच्या प्रवेशासाठी लागणारी व्यावसायिक शाळान्त पात्रता, घेतलेली नाही. तिच्या बाबांना वाटतं, हे अर्धवट सोडून तिला भारतात अकरावीला बसवावं. नाशिकचे आजी-आजोबा फोनवर रोज विचारतात, "कॉलेज कधी?" काय करावं?

उत्तर: ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी हे सांगते: तिला अर्ध्यातून काढू नका. तीन वर्षांची उमेदवारी पूर्ण झाली की संघराज्याचं प्रमाणपत्र हातात पडतं आणि इथली पुढची जवळपास प्रत्येक वाट त्या कागदापासून सुरू होते. दोन वर्षं घालवून तो कागद न घेता परतणं म्हणजे मुलीचे कष्ट पाण्यात घालणं आहे. शिवाय सतराव्या वर्षी अकरावीत बसवून तिला पुन्हा नव्याने रुळायला लावायचं, हे एकदा बाराव्या वर्षी तिने सोसलेलं आहे.

आजी-आजोबांची काळजी मला समजते. आपल्याकडे दहावीनंतर ऑफिसात जाणारी मुलगी म्हणजे शिक्षण सुटलेली मुलगी. इथे चित्र उलटं आहे. शाळा संपल्यावर साधारण दोन तृतीयांश मुलं उमेदवारीकडेच वळतात आणि त्यांत काफाऊला सर्वाधिक मागणी असते. यूबीएस बँकेचे प्रमुख सर्जिओ एर्मोटी यांची सुरुवात लुगानोच्या कोर्नेर बँकेत शिकाऊ म्हणूनच झाली. प्रत्येक मूल तिथवर जाईल असं मी म्हणत नाही, पण ही वाट मध्येच संपत नाही एवढं आजोबांना नक्की सांगा.

आता मुद्द्याचं. तुमच्या मुलीचं पुढचं शिक्षण बीएमवर, म्हणजे बेरूफ्समाटुरिटेटवर अवलंबून आहे. ती उमेदवारीसोबत घेतली नाही म्हणून संधी गेली असं समजू नका. प्रमाणपत्रानंतर ती पूर्ण वेळ एका वर्षात करता येते, किंवा नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षांत. माझं मत स्पष्ट आहे: तिने ती पूर्ण वेळ आणि लगेच करावी. पगार सुरू झाला की पुस्तकांकडे परतणं जड जातं, हे मी कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे. अर्जाची मुदत आधीच्या हिवाळ्यातच संपते, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुमारास कँटनच्या, म्हणजे तुमच्या प्रांताच्या, संकेतस्थळावर तारखा बघून ठेवा.

आणि फ्रेंच! हे मात्र आजच तिला विचारा. २०२३पासून काफाऊची रचना बदलली. आता दुसरी परकी भाषा पूर्ण शिकायची की तिच्याऐवजी प्रकल्प करायचा, हे मुलं निवडतात. प्रकल्प सोपा वाटतो म्हणून पुष्कळ जण तो घेतात. पण वाणिज्य शाखेच्या बीएमला जर्मन, इंग्रजी आणि गणिताबरोबर फ्रेंच लागतंच. तिने प्रकल्प घेतला असेल तर आतापासून संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग लावा. इथे उशिरा आलेल्या आपल्या मुलांची गाडी अडते ती बहुधा फ्रेंचपाशीच, बुद्धीपाशी नव्हे.

बीएम झाली की फाखहोखशूलेत, म्हणजे उपयोजित विद्यापीठात, आपल्या शाखेच्या पदवीला प्रवेश परीक्षा न देता जाता येतं. विंटरथूरलाच झेडएचएडब्ल्यू हे असं विद्यापीठ आहे, ल्युत्सर्नलाही एक आहे. व्यवसाय प्रशासन, व्यवसाय माहितीशास्त्र, व्यवसाय कायदा हे विषय तिच्या कामाला लागूनच आहेत. पदवी पूर्ण वेळ तीन वर्षांची, नोकरीसोबत साधारण चार. माझा कल नोकरीसोबतच्या पदवीकडे आहे, कारण विमा कंपनीत तिची ओळख झालेली आहे आणि खर्चाचा भारही हलका होतो. हीच ती पदवी, जिची आजी-आजोबा वाट बघत आहेत.

झ्युरिक विद्यापीठ किंवा ईटीएच हे तिथलं तंत्रविद्यापीठ हवं असेल तर बीएमनंतर पासरेल नावाची पूरक परीक्षा द्यावी लागते. तयारीला साधारण एक वर्ष, आणि त्यात गणित, भाषा, विज्ञान, इतिहास-भूगोल सगळं येतं. मेहनत खूप आहे. वकील व्हायची तिची स्वतःची ओढ असेल तरच त्या वाटेला जा, नातेवाइकांत सांगायला 'युनिव्हर्सिटी' हवी म्हणून नको.

तिला पुस्तकी शिक्षण नकोसंच झालं असेल, तर काही वर्षांच्या अनुभवानंतर लेखा, मनुष्यबळ किंवा विपणन यांतली संघराज्याची व्यावसायिक परीक्षा देता येते. तिच्या तयारीवर्गाच्या शुल्कातला निम्मा वाटा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, सरकार परत देतं. इथले मालक या परीक्षांना फार मानतात.

भारतात परतायचा विचार पक्का असेल तर मात्र गणित बदलतं. काफाऊचं प्रमाणपत्र तिकडे कुणाच्या ओळखीचं नाही आणि ते बारावीच्या तोडीचं धरलं जाईल हे गृहीत धरू नका. समकक्षतेबाबत भारतीय विद्यापीठ संघाला आधी लेखी विचारा. परतायचंच असेल तर इथली पदवी घेऊन परतणं तिच्या हिताचं आहे.

पुढच्या महिन्यात तिला घेऊन गावातल्या बीआयझेड या व्यवसाय मार्गदर्शन केंद्रात समुपदेशनाची वेळ घ्या. तिथे बोलू द्या तिलाच, तुम्ही दोघे बाजूला बसा. आणि कंपनीतल्या तिच्या प्रशिक्षकांना तिने स्वतः विचारावं, की बीएमचं वर्ष संपल्यावर अर्धवेळ परत घ्याल का. त्यांचं उत्तर काय येतं ते मला कळवा, त्यावरून पदवीचं वेळापत्रक आपण मिळून ठरवू.